दूध डेअरीत बीपी मोजायचा विचार चाललाय. गोळी मधेच सुटते त्यावर काय करावं?

वाडीकर

राम राम मंडळी.

आमचं गाव करवीर तालुक्यात, भोगावतीच्या काठाला. ऊस, भात, आणि दारात म्हस नाही असं घर शोधावं लागेल. मी नोकरीला कोल्हापुरात, पण मुक्काम गावातच. गावच्या दूध संस्थेत संचालक आहे, म्हणजे वर्षातून एकदा जनरल सभेत शिव्या खायचा मान.

विषय बीपीचा. अंगावरनं वारं गेलेली (लकवा मारलेली) माणसं आता गावात गल्लीगल्लीत दिसतात. त्यातली काही पन्नाशीच्या आतली. वाईट हे की त्यातल्या बहुतेकांना आपल्याला बीपी आहे हे ठाऊक होतं. कुणीतरी कधीतरी मोजलं होतं, गोळी चालू केली होती, आणि मग ती सुटली होती.

शिबिरांना आमच्यात तोटा नाही. नेत्याच्या वाढदिवसाला शिबिर, जयंतीला शिबिर, निवडणुकीआधी तर विचारूच नका. चावडीसमोर मांडव, फ्लेक्स, बीपी-शुगर मोफत, चहा-बिस्कीट. चिठोऱ्यावर 170/100 लिहून हातात देतात. माणूस ते खिशात घालतो आणि दुसऱ्या दिवशी वैरणीला जातो. पुढं काय, हे त्या चिठोऱ्यावर नसतं.

गोळी का सोडली असं विचारलं की ठरलेली उत्तरं येतात. "मला काय त्रासच न्हाई, मग गोळी कशाला खाऊ?" "एकदा लागली की सुटत न्हाई म्हणं." "गोळ्यांनी किडनी जाती." आणि सगळ्यात जास्त ऐकलेलं: "बीपी नॉर्मल आलं की, म्हणून बंद केली." शिवाय गोळ्या आणायला प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं तर ओपीडीची वेळ आणि रानातल्या कामाची वेळ एकच. भांगलणीचा रोजगार बुडवून गोळी आणायला कोण जातंय?

तर माझ्या डोक्यात असं आलं, की माणसं जिथं रोज न बोलावता येतात अशी गावात एकच जागा आहे: डेअरी. सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन येणारच. पाऊस असो, यात्रा असो, घरात लग्न असो, दूध घालणं चुकत नाही. तिथं एक चांगलं मशीन ठेवायचं, एक वही ठेवायची, आणि ज्याचं बीपी जास्त आहे त्याला महिन्यातून एकदा तरी "गोळी चालू आहे का?" एवढं विचारायचं. एवढंच.

संचालक मंडळात विषय काढला. एक म्हणाला "झ्याक". एक म्हणाला "आपण दवाखाना काढलाय का डेअरी?" दोघांचंही पटतंय, म्हणून इथं आलोय. कुणी असं काही केलंय का? मोजणार कोण? वही कुणाच्या ताब्यात? आणि यातनं नवीन लफडं काय उभं राहील?

रंकाळा_चक्कर

म्हशीच्या दुधाची फॅट दिवसातनं दोन वेळा काढता, मालकाचं बीपी महिन्यातनं एकदा काढायला हरकत कसली? आपलं मत "झ्याक"वाल्याला.

दुपारची_ओपीडी

मी तालुक्याच्या ठिकाणी दवाखाना चालवतो. कल्पना चांगली आहे, पण मोजणी नीट झाली तरच. नाहीतर निरोगी माणसं घाबरतील आणि आजारी माणसं खूश होऊन घरी जातील.

डेअरीत येणारा माणूस दोन किटल्या उचलून, चढ चढून, रांगेत भांडून आलेला असतो. त्याच क्षणी दंडाला पट्टा गुंडाळला तर आकडा वरच येणार. तंबाखू मळून तोंडात टाकली असेल किंवा चहा घेतला असेल तर अर्धा तास थांबलं पाहिजे, दोन्हींनी तेवढ्यापुरतं बीपी चढतं. लघवी तुंबलेली असली तरी आकडा वाढतो. पाठ टेकवून, पाय जमिनीला, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसवा. दंड उघडा, शर्टाच्या बाहीवरनं पट्टा नको. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजा. मोजताना बोलायचं नाही, आणि आपल्याकडं अवघड आहे ते हेच. मनगटावरचं मशीन घेऊ नका, दंडाचंच घ्या.

एकदा 150 आलं म्हणून कुणाला "तुला बीपी आहे" असं सांगू नका. वेगवेगळ्या दिवशी मोजून 140/90 किंवा त्याच्या वर राहिलं तर उपकेंद्रात पाठवा. 180/110 च्या वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडं. सोबत छातीत दुखणं, धाप, हातापायातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं असलं काही असेल तर थेट 108. आणि कृपा करून जिभेखाली गोळी ठेवून बीपी झटक्यात उतरवायचा उद्योग कुणी करू नका. अजून काही ठिकाणी करतात. बीपी एकदम कोसळलं तर मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो, म्हणजे जे टाळायचं तेच ओढवून घ्यायचं.

आता गोळी सुटण्याबद्दल. तुम्ही दिलेली कारणं खरी आहेत, पण माझ्या टेबलावर आणखी दोन दिसतात, त्यांवर कुणी बोलत नाही.

पहिलं, पायाची सूज. सरकारी दवाखान्यात बऱ्याचदा ॲम्लोडिपिन मिळते. चांगली आणि स्वस्त गोळी. पण काहींच्या घोट्याला तिच्यानं सूज येते. माणूस म्हणतो, गोळीनं किडनीवर आलं, आणि बंद करतो. ही सूज किडनीची नसते. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. येऊन सांगा एवढंच आमचं म्हणणं.

दुसरं, गुडघ्याच्या गोळ्या. वाकून भांगलण करणाऱ्या, ऊस लावणाऱ्या बायका-पुरुष दुखण्याची गोळी मेडिकलमधनं सुटी आणतात आणि महिनोन्‌महिने खातात. डायक्लोफेनॅकसारख्या त्या गोळ्या बीपी वाढवतात, बीपीच्या गोळीचा परिणाम कमी करतात आणि किडनीवर ताण आणतात. म्हणजे किडनी जाते ती बहुधा गुडघ्याच्या गोळीनं किंवा वाढलेल्या बीपीनं, आणि नाव खराब होतं बीपीच्या गोळीचं. तुमच्या वहीत "दुखण्याची गोळी चालू आहे का" हा रकाना घालाच.

भाकरी_खर्डा

डॉक्टर, मिठाचं राहिलं की. का कोल्हापुरात तो विषय काढायची चोरी?

दुपारची_ओपीडी

चोरी नाही, जिवाची भीती. :)

जागतिक आरोग्य संघटना सांगते दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून साधारण एक छोटा चमचा. आपलं खाणं त्याच्या बरंच वर जातं. लोक सांगतात "आम्ही वरनं मीठ घेत न्हाई". खरंय, पण मीठ आतच असतं. उन्हाळ्यात डंकावर चटणी कुटून आणता तेव्हा तिच्यात मीठ घालून आणता. त्याच चटणीची आमटी करताना परत मीठ पडतं. ताटाला खर्डा, लोणचं, पापड, संध्याकाळी भडंग.

भाकरी_खर्डा

चटणीत मीठ नको तर मग टिकंल कशी? आळ्या पडतील.

हिरण्यकेशी

टिकते. आम्ही दोन उन्हाळे बिनमिठाची कुटून आणतोय. मिरची कडकडीत वाळलेली हवी, मसाला नीट भाजलेला हवा, बरणी कोरडी हवी आणि चमचा ओला घालायचा नाही. मीठ मग भाजीत एकदाच, चव बघून. पहिल्या महिन्यात घरातल्या पुरुषांनी तोंडं वाकडी केली, नंतर कुणाच्या ध्यानात पण राहिलं नाही.

पण मला वेगळंच म्हणायचंय. वाडीकर दादा, डेअरीत येतं कोण? म्हशीची धार काढते बाई, वैरण आणते बाई, शेण काढते बाई, आणि किटली घेऊन डेअरीत जातो पोरगा किंवा मालक. आमच्या गडहिंग्लज भागात तरी असंच. खातं पुरुषाच्या नावावर, डेअरीसमोरचा कट्टा पुरुषांचा. तिथं पाच मिनिटं खुर्चीत बसून दंड उघडा करणारी सासुरवाशीण मला दाखवा. तुमच्या वहीत सगळे दादा-आण्णा येतील, आणि ज्या बाईला बीपीबरोबर रक्त कमी आहे, गुडघा गेलाय, ती घरीच राहील.

आणि मिश्री. पन्नाशीपुढच्या कितीतरी बायकांना दिवसातनं चार-पाच वेळा मिश्री लागते. पुरुषाला तंबाखू विचारतात, बाईला विचारतच नाहीत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, दाताला लावली तरी आत जातेच की.

वाडीकर

ताई, पटलं. आमच्यात पण दूध घालायला बहुतेक बापयच येतात. मग बायकांसाठी कुठली जागा धरावी? बचत गटाची बैठक?

हिरण्यकेशी

बैठकीला सगळ्या येत नाहीत, हप्ता दुसरीच्या हाती पाठवून देतात. आमच्या आशाताई दुपारी तीनच्या सुमाराला गल्लीत येतात, भांडी झालेली असतात, धारेला अवकाश असतो. तेव्हा दारात बसून मोजलं तर बायका मोजून घेतात. सासूला आधी बसवायचं. सासूचं मोजलं की सुनेचं आपोआप होतं.

उपकेंद्र_ते_घर

मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे, जिल्ह्यातल्याच एका उपकेंद्रात. गाव सांगत नाही.

आधी आमची बाजू. मैदानी भागात 5000 लोकांमागे एक उपकेंद्र, डोंगरी भागात 3000 मागे. 2018 नंतर उपकेंद्रं टप्प्याटप्प्यानं आरोग्यवर्धिनी झाली, 2023 ला नाव बदलून आयुष्मान आरोग्य मंदिर झालं. पाट्या बदलल्या, काम तेच. 30 वर्षांवरच्या प्रत्येकाचं बीपी-शुगर तपासणं हे आमच्या रोजच्या कामात आहे, आशाताई घरोघर फॉर्म भरतात. म्हणजे "कुणी मोजत नाही" असं नाही. पण वरनं विचारणा होते ती तपासले किती याची. गोळी चालू असलेल्यांपैकी कितीजणांचं बीपी आटोक्यात आलं, हा प्रश्न खूप कमी वेळा येतो. ज्याचा हिशोब मागतात तेच काम पुढं सरकतं, इथंही तसंच.

आपल्या शेजारीच वेगळं काम झालंय. 2017 च्या अखेरीस देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातनं पहिल्यांदा भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे घेतले होते. त्यात नवीन औषध काही नव्हतं. ठरलेल्या मोजक्या गोळ्या, एका वेळी महिन्याभराच्या, शक्य तितक्या घराजवळ, आणि ठरल्या तारखेला आला नाही त्याला फोन. वाडीकर दादा, तुमची डेअरी हे शेवटचं काम करू शकते. मोजणं आमच्यावर सोडा. न आलेल्याची आठवण तुम्ही करा. तारीख चुकलेल्यांची नावं मी तुमच्या सचिवाला देऊ शकत नाही, ते गुपित आहे. पण ज्यानं स्वतः होय म्हटलंय त्याला तुम्ही सांगू शकता: "आण्णा, उद्या ताई येणार आहे, थांबा जरा."

एक विनंती. मोजून झालं की आकडा ओरडून सांगू नका. आमच्याकडं एका तरुणाला सगळ्यांसमोर "अरे तुझं 180 की रं!" असं कुणीतरी म्हटलं. त्याच्या लग्नाचं बघत होते. तो पोरगा परत कधी मोजायला आलाच नाही. वहीत नाव नको, सभासद क्रमांक पण नको, तो तर सगळ्या गावाला पाठ असतो. प्रत्येकाला आपलं कार्ड द्या, कार्ड त्याच्याच खिशात.

बिनगोळीचा

सगळा औषध कंपन्यांचा बाजार. आमचा आजा लोणी-भाकरी खाऊन नव्वदीपर्यंत जगला, त्याचं बीपी कुणी मोजलं नाही. लसूण खावा, शेवग्याचा पाला खावा, तालमीत जावं. गोळ्या खाऊन माणसं दुबळी करून ठेवलीत तुम्ही.

दुपारची_ओपीडी

शेवगा खा, लसूण खा, तालमीत जा, तिन्हींना माझा आशीर्वाद. वजन उतरलं, मीठ कमी झालं, चालणं वाढलं तर बीपी खरंच खाली येतं आणि काहींचा डोस कमीही होतो. फक्त गोळी आपल्या मनानं बंद करू नका, मोजून, सांगून करा. आणि तुमच्या आज्याच्या वयाची जी माणसं साठीतच गेली, त्यांचे नातू इथं येऊन लिहीत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 2019 ते 21 च्या, देशातल्या 15 वर्षांवरच्या पुरुषांत 24 टक्के आणि बायकांत 21 टक्क्यांना वाढलेलं बीपी किंवा त्याची गोळी चालू, असं निघालं. एवढ्या सगळ्यांना आज्याचं नशीब कुठनं आणायचं?

बिनगोळीचा

बरं. पण शिबिरवाल्यांवर माझा विश्वास नाही, ते सांगून ठेवतो.

वाडीकर

तेवढं तर माझं पण मत आहे. धागाच त्याच्यावर आहे.

मुक्काम_पुणे

मी आईला मशीन घेऊन दिलं. आता ती दिवसातनं सहा वेळा मोजते आणि प्रत्येक आकड्याला मला फोन. यावर काही उपाय?

दुपारची_ओपीडी

सकाळी गोळीच्या आधी दोनदा, संध्याकाळी दोनदा. डॉक्टरकडं जायच्या आधीचा आठवडाभर. बाकी दिवस मशीन कपाटात, आणि किल्ली शेजारणीकडं.

शिरोळ_पूरपट्टा

डेअरीची कल्पना आमच्याकडं चालेल, पण पुराचं डोक्यात ठेवा. 2019 च्या ऑगस्टला आणि परत 2021 च्या जुलैला आम्ही घरं सोडली. जनावरं, कागदपत्रं, दागिने घेतले. बीपी-शुगरच्या गोळ्या फडताळातच राहिल्या. छावणीत ताप, जुलाब, पायाच्या चिखल्या बघायला पथकं होती, लेप्टोच्या (पुराच्या घाण पाण्यातनं होणाऱ्या तापाच्या) गोळ्या वाटल्या, ते चांगलंच झालं. पण रोजची गोळी चालू असलेल्या म्हाताऱ्यांना आपल्या गोळीचं नाव सांगता येत नव्हतं. "पांढरी, बारीक, सकाळची." तेवढ्यावर कोण काय देणार?

तेव्हापासनं आमच्या घरात जूनला एक पिशवी तयार असते. महिन्याच्या गोळ्या, आणि गोळीच्या पाकिटाचा फोटो पोराच्या मोबाईलमध्ये. तुमच्या कार्डावर गोळीचं नाव मराठीत मोठ्या अक्षरात लिहा. भोगावती पण पंचगंगेलाच मिळते, तुम्हाला वेगळं सांगायला नको.

बावड्याचा_पाऊस

याला माझं अनुमोदन. गगनबावड्यापासनं कोल्हापूर 55 किलोमीटर. पावसाळ्यात मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलं की वाट बंद. वारं गेलेल्या माणसाला साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येतं म्हणतात, तेही स्कॅन करून रक्तस्राव नाही हे बघितल्यावर. म्हणजे कोल्हापूरच्या थोरल्या दवाखान्यात (सीपीआरला) नाहीतर तसल्याच मोठ्या ठिकाणी पोचल्यावर. आमच्याकडं आधी दोन तास तेल चोळण्यात जातात, मग देवर्षी (अंगात येणारा भगत), मग गाडी शोधायची. आमच्यासाठी गोळी हाच दवाखाना.

चंदगडी_काजू

आम्ही तर कोल्हापूरचे नुसते कागदावर. रात्री-अपरात्री गाडी बेळगावकडंच वळते. तिथल्या डॉक्टरची चिठ्ठी इथल्या उपकेंद्रात दाखवली की गोळीचं नाव वेगळं, रंग वेगळा, म्हातारी दोन्ही खाते. कार्डाची कल्पना म्हणून आवडली.

तोडीचा_हंगाम

एक राहतंय. दिवाळीपासनं मार्चपर्यंत तुमच्या शिवारात मराठवाड्यातनं आलेल्या तोडकऱ्यांच्या टोळ्या असतात. त्यांची म्हस नाही, खातं नाही, आशाताईच्या यादीत नाव नाही. पहाटे फडात, रात्री गाडी भरायला. बीपी त्यांना पण असतंच. मशीन आणलंच आहे तर एखाद्या संध्याकाळी खोपीवर घेऊन जा. आणि गावाकडं परत जाताना महिन्याच्या गोळ्या बरोबर द्या.

उपकेंद्र_ते_घर

याची नोंद घेतली. बाहेरगावच्या माणसाला पण गोळ्या देता येतात, फक्त नोंद करावी लागते. टोळीचा मुकादम सांगेल त्या वेळेला जावं लागतं, ते आमच्या ड्युटीच्या वेळेत बसत नाही. जमवू.

वाडीकर

काल बैठक झाली. "दवाखाना काढलाय का" म्हणणाऱ्या संचालकाला धाग्यातलं थोडं वाचून दाखवलं. गुडघ्याच्या गोळीचं ऐकल्यावर तो गप्प झाला, कारण तो पण तीच खातो.

ठरलं ते असं. मशीन संस्थेच्या नफ्यातनं घ्यायचं. दिवाळीच्या फरकातनं (दुधाच्या दरातला जादा पैसा, दिवाळीला मिळतो तो) सभासदामागं थोडे पैसे कापायची सूचना आली होती, ती मीच हाणून पाडली. दुधाच्या पैशाला हात लावला की दुसऱ्या दिवशी आम्हीच घरी. डेअरीच्या मागच्या खोलीत, जिथं पशुखाद्याची पोती असतात, तिथं खुर्ची-टेबल. पुढं रांगेत मोजायचं नाही. उपकेंद्राच्या ताई महिन्यातनं एक सकाळ आणि एक संध्याकाळ येतील, मोजणार त्याच. बाकीच्या दिवशी मशीन आशाताईंकडं, दुपारी गल्लीत. सचिवाचं काम एकच, कार्डवाल्याला तारखेची आठवण. त्यानं विचारलं, "मला पगार वाढवून देणार का?" त्यावर अजून चर्चा चालू आहे.

ज्यांच्याकडं जनावर नाही त्यांचं काय, हा प्रश्न शेवटी निघाला. रेशन दुकानाचं नाव पुढं आलंय. दुकानदार तयार आहे, पण तिथं बसायला जागा नाही.

डॉक्टर, मशीनचं शेवटचं विचारतो. आमच्यात काही गडी तालमीतले, दंड म्हणजे दंडच. दुकानदार म्हणतो एकच पट्टा सगळ्यांना चालतो. चालतो का?

दुपारची_ओपीडी

नाही. पट्टा लहान पडला की आकडा खोटाच जास्त येतो, मोठा पडला की खोटाच कमी. मशीनबरोबर येतो तो बहुधा 22 ते 32 सेंटिमीटर घेराच्या दंडाचा असतो, पट्ट्यावर लिहिलेलं असतं, बघून घ्या. त्याच्यावरच्या दंडांना त्याच कंपनीचा मोठा पट्टा वेगळा मागवा. शिंप्याकडची टेप खोलीत टांगून ठेवा. आणि सचिवाचं बीपी पहिलं मोजा.